सुपुर्दगीतलं छत

माझ्या घराचं छत सरकारचं आहे. घर लटारू पाटलाचं, भाडं माझं, भिंती मातीच्या आणि छत सरकारचं. अशी वाटणी कुरखेड्यात दुसऱ्या कोणाच्या घरी नाही. लोक बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ते दाखवायला घेऊन येतात. आधी मी रागवत असे. आता फक्त चपला बाहेर काढा म्हणतो.

सुरुवात विंचवानं केली.

श्रावणातली गोष्ट. भर दुपारी कवेलूच्या, म्हणजे छपरावरच्या कौलांच्या, फटीतून एक विंचू खाली पडला, तो थेट पाळण्यात. पाळण्यात आमची गोकुळा, पाच महिन्यांची. विंचू तिच्या पायापासून चार बोटांवर, गोधडीच्या घडीत. मी घरीच होतो. प्रसंग ओळखून मी शांत राहिलो. बायकोला म्हटलं, 'कमळा, हलू नको. लाल आहे की काळा ते आधी पाहू. लाल जहाल असतो, काळा तेवढा नसतो.' हे मी एका मासिकात वाचलं होतं आणि मासिक वरच्या फळीवर होतं. मी ते काढून पान शोधतो आहे तोवर कुडापलीकडची रुखमाबाई मुसळ घेऊन आत आली, एका हातानं पोरीला उचललं, दुसऱ्या हातानं विंचू ठेचला आणि मला विचारलं, 'गुरुजी, काय वाचून राह्यले जी?'

मी म्हटलं, 'पान सापडलं. काळाच होता.'

माझा अंदाज बरोबर होता. पण त्या दिवशी घरात बरोबर असण्याला काही किंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी कमळा पोरीला घेऊन माहेरी वर्ध्याला गेली. जाताना एवढंच म्हणाली, 'घर नीट करा.' आठ दिवसांनी सासऱ्यांचं पत्र आलं. सासरे कोर्टातून निवृत्त झालेले कारकून; बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या भानगडी सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. पत्राला त्यांनी समास सोडला होता आणि परिच्छेदांना आकडे दिले होते. परिच्छेद तीनमध्ये लिहिलं होतं की घरास छत झाल्याचे व घर राहण्यालायक असल्याचे समक्ष पाहिल्याखेरीज मुलगी व नात पाठवली जाणार नाही. तारीखही होती. मार्गशीर्षात ते दोघींना सोबत घेऊन येणार, घर पाहणार, पसंत पडलं तर ठेवून जाणार, नाही तर त्याच बंडीनं वडशाला आणि तिथून आगगाडीनं घरी. पुढे कधी पाठवायचं त्याचा परिच्छेद पत्रात नव्हता.

मी सातवी पास मास्तर. बाकी जे काही येतं ते माझं मी वाचून मिळवलं, त्यासाठी कोणाचे पाय धरले नाहीत. तेव्हा घर सजवायला मला कोणाचा सल्ला नको होता. सल्ला मात्र आला. पहिला रुखमाबाईचा.

'लुगडं बांधा जी पाळण्यावरतं,' ती म्हणाली. 'चार कोपऱ्याले चार गाठी. विच्चू पडला तं लुगड्यात पडते. आमी सारे लुगड्याखालीच वाढलो.'

मी तिला समजावलं की देश स्वतंत्र झाल्याला सात वर्षं झाली आणि शिक्षकाची मुलगी फाटक्या लुगड्याखाली वाढणार नाही.

'नोको बांधू मंग,' ती म्हणाली. 'माह्या बापाचं काय जाते.'

छताचे प्रकार तीन. लाकडी फळ्यांचं छत तहसीलदाराच्या बंगल्यात असतं. कापडी छत वडशाच्या व्यापाऱ्याकडे पाहिलं होतं. त्याच्या मापाच्या कापडात माझं घर वर्षभर कपडे घालील. उरला बांबूचा तट्टा, म्हणजे बांबूच्या चिरफाळ्यांची मोठी विणलेली चटई, कवेलूखाली आडवी ठोकायची. स्वस्त, सुबक, आणि बांबू तर आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी वेढून उभा.

उभा आहे तेवढंच. पूर्वी जंगल मालगुजाराचं होतं. तो हरामखोर होता, पण त्याच्या वाड्यासमोर उभं राहून 'मालक, बांबू पायजे' म्हटलं की तो शिवी देऊन बांबू द्यायचा. मग मालगुजारी गेली. गावात सभा झाली, टोप्या आल्या, हार घातले गेले आणि आम्हाला सांगण्यात आलं की जंगल आता तुमचं. जंगल आमचं झाल्यापासून आम्हाला तिथे जायला पास लागतो. शिवी तेवढी अजून फुकट मिळते.

मी जंगल खात्याच्या कचेरीत अर्ज दिला. कारकुनानं विचारलं, 'निस्तार पायजे का?' निस्तार म्हणजे गावकऱ्यानं घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणायचा हक्क. मी हो म्हटलं. तर निस्तार शेतकऱ्याला, शेतमजुराला आणि कारागिराला. मास्तर यातलं कोणीच नाही. मी म्हटलं, 'मग मी कोण?' कारकुनानं यादी वरून खाली पाहिली, पान उलटून मागं पाहिलं, आणि म्हणाला, 'तुमी यात नाई.' त्यानंतर विशेष परवानगीचा अर्ज. त्याला पाटलाचा दाखला, की अर्जदार गावात राहतो. घरमालकाचा दाखला, की घर अर्जदाराच्या ताब्यात आहे. घरमालक आणि पाटील एकच, लटारू. त्यानं एकाच कागदावर दोन्ही लिहून दिलं, तर दाखले दोन पाहिजेत म्हणून अर्ज परत. भाद्रपद गेला. दसरा आला. उत्तर नाही.

त्या दिवसांत मी रिकामा बसलो नाही. भिंती हाती घेतल्या. रुखमाबाईचा नवरा देवाजी म्हणाला, 'तलावाची पांढरी माती आणा न सारवा. सेणाच्या भिंतीले चुना धरत नाई.' मी चुना आणला. नुसता पांढरा रंग मास्तरच्या घराला दवाखान्याची कळा आणतो, म्हणून त्यात नीळ घातली. किती घालायची ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ओला असताना रंग आभाळासारखा दिसत होता. वाळला तेव्हा दौत सांडल्यासारखा झाला, आणि दोन आठवड्यांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले. टेकून बसलेला माणूस उठला की पाठीवर निळा पट्टा. शाळेत मुलं माझी पाठ पाहून गुरुजी आज जेवणानंतर किती वेळ निजले ते सांगत.

शेवटी मी इसरूकडे गेलो. इसरू आमच्या गावचा बुरड. सुपं, टोपल्या, धान साठवायच्या ढोल्या विणणारा. त्याला कारागीर म्हणून सवलतीच्या पासावर बांबू मिळायचा. पासावर स्पष्ट लिहिलेलं: सुपे व टोपल्या करण्यासाठी.

'तट्टा त्यात नाई लिवला, गुरुजी,' इसरू म्हणाला.

'लिहिलं नाही म्हणजे मनाई थोडीच आहे,' मी म्हटलं.

इसरूनं थोडा विचार केला. 'टोपलीच हाय मंग. मोठी टोपली. उपडी.'

मला त्याची बुद्धी आवडली. मात्र त्याची एक अट होती. बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा, म्हणजे पौर्णिमा उलटल्यानंतरच्या पंधरवड्यात. चांदण्याच्या पाखात तोडला तर त्याला भिरूड लागतो, किडा आतून पोखरतो. इथला कोणीही माणूस, ज्याला स्वतःचं वय सांगता येत नाही तोसुद्धा, बांबूला हात लावायच्या आधी आभाळाकडे पाहतो. तेव्हा दसरा होऊन दोन दिवस झाले होते आणि चंद्र रोज फुगत होता.

'चार दिवस थांबा जी,' इसरू म्हणाला.

देवाजीही तेच म्हणाला. त्याचा भाऊ तेच म्हणाला. तलावावर जाळं धुणारा पत्रू, ज्याचा माझ्या छताशी काडीचा संबंध नव्हता, तोही पाण्यातून ओरडून तेच म्हणाला. माझी सहनशक्ती संपली. चावडीसमोर उभं राहून मी चंद्र, पृथ्वी आणि किडा यांच्यातलं अंतर या विषयावर अर्धा तास बोललो. किड्याला तिथी कळत नाही हे मी सिद्ध केलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

'बराबर हाय तुमचं,' देवाजी म्हणाला. 'पन किडा साळेत नाई गेला न जी.'

कोजागरीच्या आदल्या दिवशी बांबू आला. तीन दिवसांत तट्टा विणून झाला, चौथ्या दिवशी ठोकला. खरं सांगतो, सुंदर झाला होता. हिरवा-पिवळा, वासाचा, खाली उभं राहिलं तर भाताच्या नव्या पुंजण्यात, रचलेल्या पेंढ्यांत, शिरल्यासारखं वाटे. मी पाळण्याच्या कड्या त्यातून वरच्या वाशाला अडकवल्या, रिकामा पाळणा टांगला आणि त्याला झोका देऊन पाहिला. सासऱ्यांना पत्र लिहिलं. परिच्छेदांना आकडे दिले.

मग डोमाजी नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. खाकी सदरा, कमरेला पट्टा, काखेत कागदांचा बस्ता. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात माझा अर्ज होता.

'गुरुजी, अर्ज मंजूर झाला तुमचा,' तो म्हणाला. 'बांबूची गरज हाय का नाई ते मौक्यावर पाहून रिपोट द्या लागते. काऊन पायजे होता बांबू?'

मी काही न बोलता वर बोट दाखवलं. आजवर केलेल्या चुकांत ही बिनशब्दांची चूक सगळ्यात मोठी.

डोमाजीनं वर पाहिलं. अर्जाकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. 'मंजुरीचा बांबू तं अजून तुमाले भेटला नाई,' तो सावकाश म्हणाला. 'मंग हा कुठला?'

त्या एका सकाळी मला परवानगीही मिळाली आणि खटलाही मिळाला, दोन्ही एकाच कागदावरून. गुन्हेगारानं आपल्या हातानं पुरावा लिहून, दोन दाखले जोडून, सहीनिशी आधी पाठवल्याचं हे पहिलंच प्रकरण असल्याचं डोमाजीनं मला आदरानं सांगितलं.

पंचनामा झाला. पंच म्हणून देवाजी आणि पत्रू. इसरूचा जबाब घेतला.

'साहेब, थे टोपली हाय,' इसरू म्हणाला.

'एवढी मोठी?'

'आगंनात मावली नाई, म्हून वरतं टांगली.'

डोमाजीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. टोपली पासात होती, म्हणून इसरू सुटला. ती टोपली छत म्हणून वापरली मी, म्हणून मी अडकलो. हा न्याय मी कित्येकदा मनात उलटा-सुलटा करून पाहिला. त्यात कुठे फट सापडत नाही. माझ्या कवेलूंपेक्षा तो पक्का आहे.

जप्त माल कचेरीत न्यायला बंडी हवी, बंडीला मंजुरी हवी. म्हणून माल जागेवरच ठेवून माझ्याच सुपुर्दगीत, म्हणजे सांभाळायला ताब्यात, द्यायचं ठरलं. मालावर नंबर टाकणं जरूर. डोमाजी डांबराचा डबा घेऊन स्टुलावर चढला, मान मागे टाकली आणि लिहायला लागला. त्याचं 'ज' पाहून मला राहवलं नाही. मी सतरा वर्षं मुलांची अक्षरं वळवतो आहे. मी त्याला खाली उतरवलं, वर चढलो आणि स्वतःच्या छतावर, पाळण्याच्या बरोबर वर, गोल वळणदार अक्षरात स्वतःच्या हातानं लिहिलं: जप्त माल नं. १७. देवाजी आणि पत्रूनं खालून स्टूल धरलं होतं. 'झ्याक लिवलं जी,' पत्रू म्हणाला.

सुपुर्दनाम्यात लिहिलं होतं की सुपुर्ददाराने सदर माल जसाचा तसा राखावा. हलवू नये, मोडू नये, कमी होऊ देऊ नये. व निकाल लागेपर्यंत माल सोडून गाव सोडू नये. मी सही केली.

कार्तिक सरता सरता एका दुपारी मी पाटावर जेवत होतो. वरणावर काहीतरी पिठासारखं भुरभुरलं. मी वर पाहिलं. तट्ट्याला बारीक भोकं पडली होती, आणि शांत बसलं की वरून कुर्र कुर्र आवाज येत होता. किड्याला तिथी कळत होती.

कोणी काही बोललं नाही. हेच मला लागलं. देवाजी आला, वर पाहिलं, डोक्यावरचा भुगा झटकला आणि यंदा धान कसं झालं ते सांगून निघून गेला. मला शिव्या चालल्या असत्या.

आता माल कमी होत होता, आणि कमी होऊ देऊ नये असं मी लिहून दिलेलं होतं. मी कचेरीला कळवलं: सुपुर्दगीतील सरकारी माल किडे खात आहेत, त्यात माझा हात नाही, योग्य तो बंदोबस्त व्हावा. उत्तर आलं की किड्यांची संख्या कळवावी.

मार्गशीर्षात ठरल्या तारखेला वडशाची बंडी दारात थांबली. आधी सासरे उतरले, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. मग कमळा, कडेवर गोकुळा. पोरगी आता बसायला लागली होती. मला पाहून रडली. ओळखायचं कारणच नव्हतं.

सासरे आत आले, निळ्या भिंतींकडे पाहिलं, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले. मी म्हटलं, 'टेकू नका.' तोवर टेकले होते. मग वर पाहिलं. नंबर वाचला. बत्तीस वर्षं असे नंबर वाचलेला माणूस. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यांच्या काळ्या टोपीवर पांढरा भुगा हळूहळू जमायला लागला.

'जावईबापू,' ते म्हणाले, 'अक्षर चांगलं आहे. कोणाचं?'

'माझंच,' मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कमळाकडे वळून म्हणाले, 'सामान बंडीतच राहू दे. जेवण करू आणि निघू. जप्तीच्या घरात मी मुलगी ठेवत नाही.'

दारात बैल शेपटी हलवत उभे होते. कमळानं पोरीला रुखमाबाईच्या हातात दिलं, घरभर एक फेरी मारली, छताला काठीनं टोचून पाहिलं. मूठभर भुगा तिच्या केसांवर पडला. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

तेवढ्यात डोमाजी आला, किड्यांच्या चौकशीसाठी. त्यानं विचारलं की दिवसभर मालावर नजर कोण ठेवते. गुरुजी तर शाळेत असतात. हा मुद्दा कचेरीनं काढला होता.

'मी ठेवते,' कमळा म्हणाली. 'माह्या नावानं लिहा.'

डोमाजीला बरं वाटलं. बायका घरी असतात, तेव्हा माल बायकोच्या नावे असणं सोयीचं, असं तो म्हणाला आणि तिथेच बस्ता सोडून बसला. नवा सुपुर्दनामा लिहिला. कमळानं तो पूर्ण वाचला, सही केली आणि पुढे सरकवला. माझ्यापुढे नाही, वडिलांपुढे.

सासऱ्यांनी वाचलं. माल सोडून गाव सोडू नये, या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. आयुष्यभर त्यांनी लोकांकडून ह्याच ओळीवर सह्या घेतल्या होत्या. मुलीशी त्यांनी वाद घातला असता, माझ्याशी तर आनंदानं घातला असता, पण त्या कागदाशी वाद घालणं त्यांच्या हाडात नव्हतं.

'निकाल कधी लागेल?' त्यांनी डोमाजीला विचारलं.

'लागन जी कधीतरी,' डोमाजी म्हणाला.

सासरे जेवले. ताटावर छत्री उघडून जेवले, पण जेवले. बंडीतलं सामान उतरवलं आणि एकटे वडशाला गेले. पाठीवर निळा पट्टा होता. सांगायचं मला धैर्य झालं नाही.

मी कमळाला म्हटलं, 'एवढं केलं तुझ्यासाठी, आणि बघ कसं झालं.'

'छत कोणी मांगतलं होतं?' ती म्हणाली. 'बाबानं मांगतलं. मी नाई. इच्चू पोरीच्या पायाजवळ होता न तुमी पुस्तक शोधून राह्यले होते. मी त्याच्यापायी गेली.'

मग तिनं पेटीतून आपलं एक किरमिजी लुगडं काढलं, रुखमाबाईला हाक मारली, आणि दोघींनी ते पाळण्यावर, सरकारी छताच्या खाली, चार कोपऱ्यांना चार गाठी मारून बांधलं. दोन मिनिटं लागली. रुखमाबाई माझ्याकडे पाहून काहीही बोलली नाही. तिचा मोठेपणा मी मान्य करतो, पण विसरत नाही.

पुढल्या तपासणीला डोमाजीनं मालाच्या वर्णनात भर घातली: लुगडे एक, किरमिजी, जीर्ण, मालास बांधलेले. म्हणजे तेही जप्त. कमळानं वाचून सांगितलं, 'जीर्ण नाई. एक डाव फाटलं, शिवलं. बराबर लिहा.' डोमाजीनं खोडून बरोबर लिहिलं.

याला आता चार वर्षं झाली. मधे आमचं राज्य बदललं. नागपूरची दप्तरं मुंबईला गेली, त्यात सतरा नंबरची फाइल कुठे गेली ते कोणाला ठाऊक नाही. फाइल नाही म्हणून निकाल नाही, निकाल नाही म्हणून सुटका नाही. छत किड्यांनी जवळजवळ संपवलं. ते आता भुग्याच्या रूपानं लुगड्यात आहे. लुगडं खाली पोट काढून लोंबतं. दर दिवाळीला सासऱ्यांचं बोलावणं येतं आणि कमळा उत्तर लिहिते की माल अद्याप सुपुर्दगीत आहे. यंदा मी तिला म्हटलं, फाइलच हरवली, तुला आता कोण धरणार आहे, जाऊन ये चार दिवस.

'मले मालूम हाय,' ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

परवा रविवारी मी पाळण्याशेजारी वाचत बसलो होतो. पाळण्यात आता आमचा दुसरा, तीन महिन्यांचा. वर काहीतरी करकरलं. मी पाहिलं तर लुगड्याची एक गाठ सुटत चालली होती. मी पुस्तक टाकलं, आधी पोराला उचललं आणि दाराशी गेलो. मागे सगळं सरकारी छत एकदम पाळण्यात कोसळलं. घरभर धुरळा झाला.

कमळा चुलीपासून उठून दारात आली. भुग्यानं भरलेल्या पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या पोराकडे. बराच वेळ पाहिलं.

'माल भरून घ्या जी,' ती म्हणाली, 'एक चिमूट कमी नोको पडू देऊ,' आणि सुपली आणायला आत गेली.